हवा सोडणारा माणूस

दुबई-शारजात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या मराठी माणसाला शेवटी कसला ना कसला नाद लागतोच. कुणी पुण्यात फ्लॅट घेत सुटतो आणि मग त्याचे शनिवार भाडेकरूंशी फोनवर भांडण्यात जातात. कुणी नाटकात तीन वाक्यांचं काम करतो आणि वर्षभर त्या तीन वाक्यांवर बोलतो. कुणाला मीना बाझारातला सोन्याचा भाव रोज तोंडपाठ असतो. घ्यायचं मात्र काहीच नसतं. या सगळ्यांपासून अंतर राखून असलेली चौथी जात म्हणजे वाळूत गाडी घालणाऱ्यांची. त्या जातीतला पोचलेला पुरुष म्हणजे आमचे मार्शल.

मार्शल हे काही त्यांचं नाव नाही. वाळवंटात गाड्यांचा तांडा निघाला की सगळ्यांत पुढे वाट काढणाऱ्याला मार्शल म्हणतात आणि सगळ्यांत मागे राहून मागे पडलेल्यांना गोळा करणाऱ्याला स्वीप. आमचे गृहस्थ इतकी वर्षं पुढे आहेत की बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमनसुद्धा त्यांना ‘मार्शलसाब’ म्हणतो. त्याला ते फौजेतून निवृत्त झालेले वाटतात. वस्तुस्थिती अशी की पोटासाठी ते एका कंपनीत एसीच्या डक्टचे हिशोब करतात. कुठल्या खोलीत किती हवा सोडायची, याचे. आठवडाभर हवा सोडण्याचा पगार घ्यायचा आणि शनिवारी पदरचं पेट्रोल जाळून हवा सोडायची, असं त्यांचं आयुष्य सरळ रेषेत चाललेलं आहे.

शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी हवा मोजायचा गेज असतो. तो लग्नातही असतो. एकदा एका बारशाला त्यांनी पाळण्याकडे जाण्याआधी यजमानांच्या बाबागाडीचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं होतं, आणि ते भरीव रबराचं निघाल्यावर त्यांचा चेहरा पडला होता.

रस्त्यावरचे मार्शल आणि वाळूतले मार्शल ही मात्र दोन वेगळी माणसं. रस्त्यावर त्यांच्या टायरमध्ये ३५ म्हणजे ३५. तेही पहाटे, ऊन चढायच्या आत, गाडी जागची हलायच्या आधी मोजलेले. कारण टायर तापला की आतला दाब वाढतो आणि काटा खोटं बोलतो. लिफ्टमध्ये भेटले तर ‘काय, कसं काय?’च्या आधी ‘तुमचा मागचा डावा बसलाय’ हे सांगतात. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो आणि सुटतो, त्या दबण्यासुटण्यात पेट्रोलचा पैसा नुसता रबर तापवण्यात जातो, हे त्यांनी लिफ्टच्या सहा मजल्यांत सांगून संपेल इतकं घोटून ठेवलं आहे. आणि हाच माणूस शनिवारी पहाटे वाळूच्या कडेला उकिडवा बसून ३५चे १५ करतो आणि उठून हात झटकत म्हणतो, “आता कशी हलकी चालेल!”

नवख्याला इथे शंका येते. शंका आली तरी विचारू नये. विचारली, तर मार्शल घरी जेवायला बोलावतात.

जेवण उत्तमच असतं. वहिनींच्या हाताची चव अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. शेवटी शिरा येतो. तुम्ही चमचा उचलायच्या आत मार्शल तुमची ताटली स्वतःकडे ओढतात. चमचा कडेवर उभा धरून शिऱ्यात दाबतात. तो थेट ताटलीला जाऊन टेकतो. “ही ३५ची गाडी.” मग चमच्याची पाठ शिऱ्यावर ठेवून तेवढ्याच जोराने दाबतात. शिरा जरासा बसतो, चमचा वर राहतो. “ही १५ची.” त्यानंतर उभा चमचा पुढे ढकलतात, त्याच्यापुढे शिऱ्याचा बांध उभा राहतो, बेदाणा उडून पाहुण्याच्या बशीत जातो आणि सिद्धान्त पूर्ण होतो.

सिद्धान्त खोटा नाही, हीच तर पंचाईत आहे. डांबर दबत नाही, म्हणून डांबरावर जे काही दबायचं ते टायरने दबायचं. वाळूत टायर कडक ठेवला तर वाळू दबते. चाक आत बसतं, पुढे बांध साचतो आणि गाडी आपणच उभा केलेला चढ चढत राहते. चढ संपत नाही, कारण तो चाकाबरोबर पुढे सरकत असतो. हवा सोडली की टायर पसरतो. पसरतो म्हणजे रुंद होतो असं शंभरातल्या नव्वदांना वाटतं आणि त्या नव्वदांना मार्शल एकेक करून भेटले आहेत. तो रुंद होतो थोडा, लांब होतो जास्त. जमिनीला टेकलेला भाग जवळजवळ दुप्पट होतो, तेवढं वजन तेवढ्याच जागेवर न येता वाटलं जातं आणि चाक वाळूवर तरंगतं. टायर दबण्यात शक्ती थोडी जास्त जाते खरी, पण बांध फोडण्यातली जी वाचते ती कितीतरी पट मोठी. एवढं ऐकेपर्यंत शिरा गार झालेला असतो. वहिनी न बोलता दुसरी ताटली आणून ठेवतात. नवा पाहुणा असला की त्या शिरा मुळातच एका ताटलीचा जास्त करतात.

आकडे सांगायची वेळ आली की मार्शल आवाज खाली आणतात, घरातलं गुपित सांगावं तसा. अडीच टनांची गाडी सपाट डांबरावर चालती ठेवायला ३० किलोचा जोर पुरतो. तीच गाडी सपाट, सुक्या, भुसभुशीत वाळूत ६००च्या आसपास मागते. “म्हणजे काय?” ते विचारतात. उत्तर द्यायचं नसतं. “म्हणजे सपाट वाळू सपाट नाहीच. तो ४ मीटरला १ मीटरचा चढ आहे. डोळ्यांना दिसत नाही, इंजिनाला दिसतो.” मग हमखास बोरघाट येतो. बोरघाटात रेल्वेचा मोठ्यात मोठा चढ ३७ मीटरला १ मीटर, तर तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. “आणि हे पोरगं ४ला १ वर एका हातात कॉफीचा कप धरून निघालंय!”

पोरगं म्हणजे आमच्यातला आयटीतला मुलुंडकर. त्याच्याकडे येऊच.

माणूस ज्याची पूजा करतो त्यावरून तो कळतो असं म्हणतात. मार्शलांच्या बाबतीत हे सोपं आहे. त्यांचं दैवत राल्फ बॅग्नोल्ड. हा ब्रिटिश फौजेतला अभियंता, इजिप्तमध्ये नेमणुकीला असताना सुट्टी मिळाली की मित्रांना घेऊन, स्वतःच्या खर्चाने, फोर्डच्या साध्या मोटारींतून लिबियाच्या वाळवंटात शिरायचा. टायरची हवा कमी करून वाळू ओलांडता येते हे त्याने अनुभवातून बसवलं. कैरोच्या भंगारातून लोखंडी पन्हळी आणून रुतलेल्या चाकांखाली घालायची युक्ती त्याचीच. १९४० साली फौजेसाठी वाळवंटात दूरवर फिरणारी तुकडी उभी केली, आणि १९४१ साली वाऱ्याने उडणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर असा ग्रंथ लिहिला की तो अजून अभ्यासकांच्या टेबलावर आहे. यातलं ‘सुट्टीत’ आणि ‘स्वतःच्या खर्चाने’ एवढे दोनच शब्द मार्शल वहिनींकडे बघून म्हणतात. बाकीचं आमच्याकडे बघून.

चंद्रावर १९७१ साली जी गाडी चालली तिच्या चाकांत हवा नव्हती, तारेच्या जाळीची चाकं होती. हे मार्शलांना मान्य आहे, कारण जाळी दबते. मंगळावरचं यान मात्र त्यांच्या जिवाला लागलं आहे. ‘स्पिरिट’ नावाची ती बग्गी २००९ साली मऊ मातीत रुतली, महिनोन् महिने प्रयत्न करूनही निघाली नाही, आणि २०१०च्या मार्चनंतर तिचा आवाजही आला नाही. “धातूची चाकं हो. सोडणार काय?” मार्शल हळहळतात. जरा थांबून म्हणतात, “आणि मागे स्वीपही नव्हता.”

२०२२ साली अमिरातीत आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारवर गेली तेव्हा लोकांचे नमाज, शाळा, शेअर बाजार असे अनेक प्रश्न उभे राहिले. मार्शलांनी फक्त गजराचा वार बदलला. हत्ता रस्त्यावरच्या पेट्रोलपंपावर पहाटे जमायचं, बदायरच्या बाजूला वळायचं, डांबर संपलं की उतरायचं. मग चार चाकांना चार पितळी नळ्या लागतात आणि फुस्स् असा लांबलचक आवाज सुरू होतो. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. आवाजाच्या पट्टीवरून त्यांना आकडा कळतो असं ते म्हणतात. आम्ही एकदा ताडून पाहिलं. कळतो.

पहाटे का, तर रात्रीच्या दवाने वाळू जराशी बांधलेली असते. दुपारी ती सुकून मोकळी होते आणि तीच टेकडी सकाळी जाऊ देते, दुपारी देत नाही. वाऱ्याकडची बाजू ठोकून बसलेली, पलीकडची पाठ ढासळून साचलेली आणि सदा पोकळ. खारट चकाकणारी सपाटी दिसली की तिच्या वाटेला जायचं नाही. ती सबखा, वर पापुद्रा आणि आत चिखल. हे सगळं वॉकीटॉकीवर अखंड चाललेलं असतं. “दोन नंबर, माझ्या चाकोरीत या. मी दाबलेली वाळू आहे ती, तुम्हाला फुकट मिळतेय.” “तीन नंबर, ब्रेक मारू नका! पाय नुसता उचला. वाळू थांबवेल तुम्हाला, तिचं तेवढंच काम आहे.” “थांबायचं तर उताराकडे तोंड करून थांबा.” “चार नंबर, एकदम वळू नका, पंधरावर टायर रिंगेतून निसटतो.” चार नंबर म्हणजे मुलुंडकर. त्याची नवी कोरी प्राडो आणि तिच्यात तेरा कप-होल्डर.

आणि मग चार नंबर रुततो.

हा क्षण बघण्यासारखा असतो. ऑफिसात ज्यांना कुणी विचारत नाही, मुलगी ज्यांचे मेसेज बघून उत्तर देत नाही, पुण्यातल्या सोसायटीच्या सभेत ज्यांचा व्हिडिओ कॉल नेमका बोलताना तुटतो, ते मार्शल गाडीतून उतरतात आणि वाळूतून चालत येतात. घाई नाही. चेहऱ्यावर गंभीर भाव, पण कानांच्या पाळ्या आनंदाने लाल झालेल्या. “ॲक्सिलरेटर सोडा आधी. चाक फिरतंय म्हणजे गाडी पुढे जात नाही, खाली जाते.” मग वाकून गाडीचं पोट बघतात. पोट वाळूवर टेकलं असेल तर त्यांना जास्त बरं वाटतं. “पोटावर बसलीय,” असं ते आम्हाला सांगतात तेव्हा आवाजात जी माया असते ती मी इतर कुठल्याही विषयावर ऐकलेली नाही. मुलुंडकर फोटो काढायला जातो. “फोटो नंतर. आधी फावडं.”

चाकापुढची वाळू काढायची, चाकामागची काढायची, आणखी तीन पॉइंट हवा सोडायची आणि आलात त्याच चाकोरीने मागे यायचं, कारण ती वाळू एकदा दबलेली आहे. दहातल्या नऊ गाड्या एवढ्यावर निघतात. दोर काढायची वेळ दहाव्या गाडीला येते. निघाली की सगळे टाळ्या वाजवतात आणि मार्शल थोडे खट्टू होतात.

परतीच्या वेळी डांबर लागलं की सगळ्यांनी पुन्हा हवा भरायचीच. पंधरावर डांबरी रस्त्याने शंभरच्या वेगाने निघालात तर टायरच्या कडा तापून फुटायची भीती. हे खरं असल्यामुळे कुणाला काही बोलता येत नाही. पोरं झोपलेली, पोटात कावळे, आणि मार्शल एका लहानशा कंप्रेसरने सगळ्यांची सोळा-वीस चाकं एकेक करून ३५वर आणत असतात. कंप्रेसर तापतो. तो निवायला मध्ये वेळ लागतो. त्या वेळात बॅग्नोल्ड.

डिसेंबरात ते महिनाभर गुहागरला जातात. तुम्हाला वाटेल, तिथे समुद्र आहे, लांबलचक वाळू आहे, माणसाला स्वर्ग. पण गुहागरच्या वाळूत ते गाडीचं चाक लावत नाहीत आणि दुसऱ्याने लावलेलं त्यांना सहन होत नाही. एक तर कासवं त्या दिवसांत अंडी घालायला येतात, दुसरं, खाऱ्या पाण्याने गाडीचा पत्रा खातो, तिसरं, भरती. वाळवंट वाट बघतं, समुद्र बघत नाही. तरीही वर्षाअखेरीला कुणीतरी पुण्या-मुंबईचा एसयूव्हीवाला पाटी बघून न बघितल्यासारखं करतोच. लाटेजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवर झोकात मिरवतो आणि परत वर येताना मधल्या सुक्या पट्ट्यात खपकन बसतो. मग ट्रॅक्टर येतो. ट्रॅक्टरवाला भरतीकडे बघून भाव सांगतो. पाणी जसं वर येतं तसा भावही येतो. हा त्याचा हंगामी धंदा आहे आणि त्यात गैर काही नाही.

तिथे मार्शल लुंगीवर पोचतात. आधी एसयूव्हीवाल्याला कासवांवरून सणसणीत झाडतात, मग खिशातून गेज काढून टायरला लावतात, “पस्तीस!” म्हणून कपाळावर हात मारतात आणि काही बोलायच्या आत हवा सोडायला बसतात. दहा मिनिटांत गाडी आपल्या पायांनी बाहेर. एसयूव्हीवाला पाया पडतो. ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून बिडी शिलगावतो आणि अगदी आपुलकीने विचारतो, “काका, तुमची सुट्टी संपते कधी?”

आता जी गोष्ट सांगतो ती मार्शलांना माहीत नाही आणि ते मराठी मासिकं वाचत नाहीत, या भरवशावर सांगतो आहे.

झालं असं की इतकी वर्षं इतकं ऐकून आम्ही सगळे शिकलो. मुलुंडकरसुद्धा. पाय हलका पडू लागला, चाकोरी सुटेना, ब्रेक लागेना. तांडा निघायचा आणि तसाच अख्खा परत यायचा. फावड्याला गंज चढला. सुरुवातीला मार्शलांनी आमचं कौतुक केलं. मग ते वॉकीटॉकीवर कमी बोलू लागले. मग एका शनिवारी परतताना म्हणाले, “गुडघा दुखतोय जरा. पुढच्या वेळी तुम्हीच जा.” शिष्याने गुरूला अशा रीतीने मारल्याचं आमच्या परंपरेत उदाहरण नसावं.

त्याच रात्री व्हॉट्सॲपवर एक नवा ग्रुप निघाला. मार्शल सोडून सगळे त्यात होते. नाव ‘पाळी कुणाची’. ॲडमिन वहिनी. दर शनिवारी एकाने रुतायचं. फार सोपं रुतायचं नाही, संशय येईल तसंही रुतायचं नाही. मुलुंडकराने पहिल्याच पाळीला असा अप्रतिम अभिनय केला की नाटकवाल्या मंडळींनी तोंडात बोटं घालावीत. मार्शल त्याच्यावर वीस मिनिटं ओरडले आणि घरी जाताना गाणं गुणगुणत होते. गुडघा आपोआप बरा झाला.

परवाच्या शनिवारी पाळी माझी होती. शुक्रवारी रात्री पाऊस झाला. वाळवंटात पाऊस म्हणजे एरवी सोहळा, पण ओली वाळू घट्ट असते. मी ब्रेक मारले, चढावर थांबलो, लाज सोडून टायरमध्ये पाच पॉइंट हवा जास्त ठेवली होती. गाडी काही रुतेना. वाळूचा रस्ता झाला होता. मार्शलांना तर सकाळभर काम नव्हतं. अकराच्या सुमाराला ते “पुढची वाट बघून येतो” म्हणून एका टेकडीवर पायी चढू लागले. त्यांची पाठ वाकलेली दिसत होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वहिनींकडे बघितलं.

वहिनींनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला, मार्शलांच्या गाडीत त्यांच्या जागी जाऊन बसल्या, आरसा नीट केला आणि गाडी घेऊन टेकडीला वळसा घालून पलीकडे गेल्या. थोड्या वेळाने नुसता इंजिनाचा आवाज आला. मोठा. आणखी मोठा. मग वॉकीटॉकी बोलली.

“अहो, इकडे या जरा. रुतलीय वाटतं.”

मार्शल टेकडीवरून धावत सुटले. आम्हीही पळालो. टेकडीच्या मागच्या, पोकळ बाजूच्या पायथ्याशी, वरचा ओला थर फोडून, खालच्या कोरड्या वाळूत त्यांची लाडकी ‘पॅट्रोल’ गाडी पायरीपर्यंत गाडली गेली होती. पुढची चाकं पूर्ण वळलेली. चार चाकांना चार खड्डे आणि मध्ये पोट निवांत टेकलेलं.

“ब्रेक मारलास?” मार्शलांनी धापा टाकत विचारलं.

“मारला.”

“चढावर?”

“चढावर.”

“मग ॲक्सिलरेटर दाबलास?”

“दाबला की. चांगला दाबला.”

“आणि स्टेअरिंग?”

“पूर्ण वळवून ठेवलं होतं.”

मार्शलांनी गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली. खाली वाकून पोट पाहिलं. एका खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून पाहिला. कानांच्या पाळ्या लाल होत होत टोमॅटोच्या झाल्या.

“जमलंय!” ते आमच्याकडे वळून ओरडले. “याला म्हणतात रुतणं! तुम्ही काय रुतता? दोन्ही फावडी आणा. पट्ट्या आणा. दोर पण आणा.”

वहिनींनी खिडकीतून थालीपिठांचा डबा पुढे केला. “तासभर तरी लागेल ना हो? मग आधी खाऊन घ्या.”

“तास?” मार्शल बाह्या सरसावत म्हणाले. “दोन धर!”